पहाटे तीनची गस्त

मागच्या महिन्यात या सदरात मी सैन्याच्या मनोविकार वॉर्डातल्या दिवसांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं बाजूला ठेवून पुढचं काम सुचेना. तिन्ही पत्रं वर्दी उतरवून आलेल्या बायांबद्दलची. लिहिणाऱ्यांची परवानगी घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर छापून येईपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. ते हातात पडलं त्याच संध्याकाळी मी फोन केला. खाली आहे ते त्या फोनवर आणि नंतरच्या चार-पाच फोनांवर बोललेलं.

पहिलं पत्र: मॅडम, आम्ही औसा तालुक्यातले. माझी नणंद सैन्याच्या रसद-वाहतूक विभागात, एएससीत, मेजर होती. शॉर्ट सर्व्हिसची, म्हणजे मुदतीच्या नोकरीची, दहा वर्षं संपवून घरी आली त्याला वर्ष झालं. वय चौतीस. रात्री झोपत नाही. तीनला उठून गच्चीवर फिरायली, जिन्याचं दार दोनदा बघायली, मग खाली येऊन फाटक बघायली. दिवाळीत फटाके वाजले तर न्हाणीत जाऊन बसली. लडाखात तिच्या ताफ्यातली एक गाडी दरीत गेली होती अन् पोरं गेली, एवढंच आम्हाला माहीत. विचारलं की उठून जाते. सासूबाई म्हणतात लग्न लावून द्या, सगळं जागेवर येईल. चुलत सासरे म्हणतात बाहेरचं असंल, एका ठिकाणी दाखवून आणू. मला दोन्ही पटंना. मागच्या आठवड्यात तिनं बँकेत जाऊन वारस म्हणून माझ्या मुलाचं नाव लावलं. परवा तिचे तारे अन् मेडल रुमालात बांधून माझ्या हातात दिले, म्हणाली, "वहिनी, हे तुझ्याकडं असू दे." चेन्नईला ट्रेनिंग संपल्यावर एका खांद्यावर आईनं अन् एका खांद्यावर मीच लावले होते ते तारे. दोन दिवस झाले एकदम शांत आहे. बरी व्हायली का?

ताई, तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलेलं मी सगळ्यात आधी घेते. रुमालातले तारे, बँकेतलं नाव आणि मग आलेली शांतता ही बरं होण्याची लक्षणं नाहीत. जपून ठेवलेल्या वस्तू वाटून टाकणं, कागदपत्रं मार्गी लावणं, बरेच दिवस तळमळणारं माणूस एकाएकी शांत होणं, हे सगळं एकत्र दिसलं की आमच्या वॉर्डात त्या पेशंटजवळ चोवीस तास माणूस बसवत असू. म्हणून त्या संध्याकाळी फोनवर तुम्हाला सांगितलं की आजची रात्र तिला एकटं सोडू नका, आणि तिला सरळ विचारा. "बरं वाटत नाही का" असं आडून नको. "तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का?" याच शब्दांत.

तुम्ही घाबरलात. विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल असं वाटलं. जवळजवळ प्रत्येकाला तसंच वाटतं. पण विचारल्यानं तो विचार कुणाच्या मनात नव्यानं येत नाही. ज्याच्या मनात तो असतो त्याला उलट सुटल्यासारखं होतं, कारण तोवर ते ओझं तो एकटाच वाहत असतो. तुम्ही चहाचे दोन कप घेऊन गच्चीवर गेलात. ती पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभी होती. तुम्ही विचारलंत आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. चहावर साय धरली, असं तुम्ही मला सांगितलंत. मग म्हणाली, "हो. रोज." तुम्ही रडला नाहीत, शपथा घातल्या नाहीत, "आईबापाचा तरी विचार कर" म्हणाला नाहीत. नुसतं म्हणालात, "बरं झालं सांगितलंस. मी हितंच हाय." याहून चांगलं उत्तर मला अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत सुचलं नसतं.

त्यानंतरचं काम तुमच्या मिस्टरांनी केलं. जिन्याखाली सोयाबीन-तुरीच्या फवारणीचे डबे होते. ते त्यांनी रात्रीच मोटारसायकलवर टाकून चुलत्याच्या शेतातल्या आखाड्यावर नेले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. आपल्या भागातल्या घरोघरी मी हे पुन्हा पुन्हा सांगते. ती टोकाची इच्छा लाटेसारखी येते आणि बऱ्याचदा काही तासांत ओसरते. त्या तासांत हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही ठरतं. औषधाचा डबा दोन किलोमीटरवर कुलपात असेल तर लाट ओसरायला वेळ मिळतो. घरातल्या झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांचंही तसंच. चार दिवसांच्या तेवढ्याच बाहेर ठेवायच्या, बाकीच्या कुलपात.

मग तुम्ही तिच्याशेजारी बसून १४४१६ लावलात. ही टेलिमानसची, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणारी, सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. माजी सैनिक असल्याचं पहिल्याच वाक्यात सांगायचं. २०२३ च्या डिसेंबरात पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, टेलिमानसचा खास सैन्यासाठीचा कक्षही उघडला होता. फोन कुणीही उचलला तरी त्याला कळलं पाहिजे की "ताफा" म्हणजे लग्नाच्या गाड्या नव्हेत. जिवाला आत्ता, या क्षणी धोका असेल तर मात्र फोनवर बोलत बसायचं नाही. १०८ ची गाडी बोलवायची नाहीतर आपली गाडी काढायची आणि जवळच्या मोठ्या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात जायचं.

आता गस्तीचं. ताई, तुमच्या गावाला हे समजावायला मला इंग्रजी पुस्तक लागत नाही. किल्लारी तुमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना, जमीन हलली. गणपती बुडवून आलेली माणसं गाढ झोपेत होती. त्यानंतर तुमच्या सासूबाई किती वर्षं घरात झोपल्या नाहीत, ते त्यांना विचारा. माझी मावशी नव्या, पक्क्या, पत्र्याच्या घरासमोर अंगणात बाज टाकून झोपायची. पावसातसुद्धा बाज ओसरीच्या आत येत नसे, आणि पहाटे साडेतीनला ती उठून बसलेलीच असायची. तिला कुणी वेडी म्हटलं नाही, कारण सगळं गाव तसंच जागं होतं. तुमची नणंद तीच मावशी आहे. तिची जमीन लडाखात हलली एवढाच फरक, आणि तिच्याबरोबर जागणारं गाव इथे नाही.

एकदा असं काही पाहिलं की शरीरातला पहारेकरी ड्यूटी संपली तरी खाली बसत नाही. रात्र झाली की म्हणतो, तपासून ये. दार, फाटक, गच्ची. ताफ्याची अधिकारी म्हणून शेवटची गाडी पोचेपर्यंत जागं राहणं हे तिचं कामच होतं. एक गाडी पोचली नाही. ती अजून मोजते आहे. याला डॉक्टर पीटीएसडी म्हणतात. जे घडलं ते स्वप्नात आणि जागेपणी परत परत घडतं, त्याची आठवण आणणारं सगळं टाळावंसं वाटतं, अंग सतत ताठ, आवाजाला दचकणं, जवळच्यांपासून तुटल्यासारखं होणं, आणि आपण वाचलो याचीच लाज. हे महिन्याहून जास्त राहिलं तर आपोआप जाईल म्हणून वाट पाहू नये. हा बरा होणारा आजार आहे, हे मी डोळ्यांनी पाहून सांगते आहे.

रात्रीसाठी एक. ती झोपेत ओरडली तर खांदा धरून हलवू नका. मी नवी लेफ्टनंट असताना पहाटेचं टेंपरेचर घ्यायला एका हवालदाराच्या खांद्याला हात लावला. डोळे न उघडता त्यानं माझं मनगट असं पकडलं की आठ दिवस काळंनिळं होतं. जागा झाल्यावर तो माणूस इतका रडला की मलाच त्याला धरून बसावं लागलं. आमच्या वॉर्डातल्या जुन्या नर्सिंग असिस्टंटनं मग मला शिकवलं. दारातच थांबायचं, दिवा लावायचा, नावानं हाक मारायची आणि कुठे आहे ते सांगायचं. "तू औशाच्या घरी हाईस. मी वहिनी. दार लावलंय." जेवायला बसताना तिची पाठ भिंतीकडे आणि तोंड दाराकडे येईल अशी जागा द्या आणि कारण विचारू नका.

बाहेरचं आणि लग्न. दर्ग्याला किंवा देवीला जाऊन कुणाला धीर येत असेल तर मी आड येणार नाही, पण डॉक्टरच्या जागी नाही आणि आधी तर नाहीच. धूर, उपास, डांबून ठेवणं यातलं काहीही नको. आणि लग्नाचं मी ठामपणे सांगते, आत्ता स्थळ आणू नका. जिला घरातल्या माणसाच्या पावलांनी दचकायला होतं, तिच्या खोलीत अनोळखी माणूस आणून ठेवणं हा उपचार नव्हे. ती बरी झाल्यावर लग्न करायचं की नाही, ते ती ठरवेल.

कुठे न्यायचं? लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय संस्थेत, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयात, नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात, संभाजीनगरला घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहेत. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही, आणि याची चीड मला नोकरीत असल्यापासून आहे. पण तुमच्या नणंदेला मनोरुग्णालय लागत नाही. तिला नियमित ओपीडी, गोळी आणि बोलण्याचे उपचार लागतात, आणि धोका वाढला तर थोडे दिवस दाखल होणं. ती गोळी झोपेची नव्हे. सर्ट्रालिनसारखी गोळी रोज घ्यायची, गुण यायला चार-सहा आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही. मेडिकलवाल्याकडून झोपेची गोळी आणून महिनोन् महिने दिली तर हा आजार बरा होत नाही आणि सवय तेवढी लागते.

शॉर्ट सर्व्हिसला पेन्शन नाही, म्हणून तुमच्या घरी सगळ्यांनी धरून चाललंय की बाकीही काही नाही. तसं नाही. माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना २००३ पासून आहे आणि २०१९ पासून शॉर्ट सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांनाही वर्गणी भरून तिचं सदस्य होता येतं. संभाजीनगरला छावणीत पॉलिक्लिनिक आहे. तिचे रिलीजचे कागद घेऊन आधी लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज तिथून भरून घेता येईल. खिडकीवर कुणी "साहेबांचा नंबर सांगा" म्हणालं तर तुम्ही सांगायचं, साहेब हीच. मला स्वतःला, लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाल्यावर, एका खिडकीवर तीन वेळा नवऱ्याचा सर्व्हिस नंबर विचारला होता. माझा नवरा बँकेत होता. तिसऱ्या वेळी मी घरी परत आले आणि दोन महिने तिकडे फिरकले नाही. मला तेव्हा फक्त गुडघा दाखवायचा होता. जी आधीच कड्यावर उभी आहे ती अशा खिडकीवरून परतली तर कुठे जाईल, हे तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

गुन्हा दाखल होईल, नोंद राहील ही भीती तुमच्या मिस्टरांनी बोलून दाखवली. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे आणि २०१८ पासून लागू आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेलं माणूस तीव्र ताणाखाली होतं असंच त्याच्या कलम ११५ मध्ये गृहीत धरलं आहे. त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. आपण आजारी असू तेव्हा आपल्या वतीनं कुणी बोलायचं ते माणूस आधीच लिहून नेमता येतं. तिनं तुम्हाला नेमलं, हे परवाच्या फोनवर ऐकून मी खुर्चीत मागे टेकले.

आणखी एक, आणि हे मी औषधाइतकंच महत्त्वाचं समजते. तुमच्या गावात गेल्या वर्षी एक हवालदार निवृत्त झाला. उघडी जीप, हलगी, गुलाल, चौकात बॅनर, शाळेत सत्कार. तुमची नणंद आली तेव्हा तिला हळदीकुंकवाला बोलावून साडी दिली. चांगल्या मनानंच दिली. पण वर्षभरात "तू तिथं काय करत होतीस?" असं तिला एकाही माणसानं विचारलं नाही. "आता घर सांभाळ" एवढं मात्र सगळ्यांनी सांगितलं. त्या गाडीत गेलेल्या पोरांची नावं तिला पाठ असतील. ती कधीतरी सांगेल, तेव्हा तुम्ही नुसत्या ऐका. आणि रुमाल परत देऊ नका अजून. तिला म्हणा, "मी सांभाळते, पण माझ्याकडं हे ठेवायला दिलेत, कायमचे नाही. मागशील तेव्हा देईन."

दुसरं पत्र: मी परभणीची, वय बावन्न. लष्करी सेवेत होते. पंचवीस वर्षांपूर्वी एका वरिष्ठानं माझ्यावर जबरदस्ती केली. कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. सगळं नीट चाललं होतं. आता मुलगी एनडीएसाठी तयारी करते आहे, नाशिकच्या मुलींच्या संस्थेत जायचं म्हणते. गेल्या महिन्यात ती ओसरीवर बुटांना पॉलिश करत होती. त्या वासानं माझे हात थरथरायला लागले आणि पुढचा तास कुठे गेला मला आठवत नाही. तेव्हापासून हे रोज होतं. मी तर कधी युद्धात नव्हते. सैनिकांचा आजार मला कसा होईल? आणि मुलीला अडवू का?

सिस्टर, (तुम्ही नर्सिंगमध्ये होतात की नाही हे लिहिलेलं नाही, पण वॉर्डात आम्ही एकमेकींना हीच हाक मारायचो, म्हणून मीही तीच मारते.) तुम्हाला जे झालं ते खरं आहे आणि त्याला नाव आहे. पीटीएसडी फक्त गोळीबारातून येत नाही. बलात्कारानंतर तो होण्याचा धोका इतर बहुतेक आघातांपेक्षा जास्त असतो. आणि जिथे हल्ला करणारा त्याच छावणीत, तुमच्या वर, तुमचा अहवाल लिहिणारा, तिथे पळून जायलाही जागा नसते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य सेवेत प्रत्येकाला हा प्रश्न विचारतातच. तिथल्या साधारण तीनपैकी एक बाई "हो, माझ्याबाबतीत घडलं" असं सांगते. लष्करातला लैंगिक आघात म्हणून तिकडे त्याची वेगळी नोंद होते, उपचार मोफत मिळतात, आणि त्यासाठी तेव्हा तक्रार केलेली असावी अशी अट नाही. आपल्याकडे हा प्रश्न विचारायची पद्धत नाही. म्हणून तुम्हाला तो पंचवीस वर्षं कुणी विचारला नाही. यात तुमची चूक नाही.

आता का, असं तुम्हाला वाटत असेल. मुलगी त्याच वर्दीच्या वाटेला लागली आहे म्हणून. मन इतकी वर्षं पेटीचं झाकण दाबून बसलं होतं, आणि बुटाच्या पॉलिशचा वास सरळ आत गेला. वासाला दार वाजवावं लागत नाही.

उपचार करायला उशीर झालेला नाही. पंचवीस वर्षांनीही गुण येतो. यासाठी खास बोलण्याचे उपचार आहेत. त्यातला एक साधारण बारा बैठकांचा. घडलेल्या गोष्टीमुळे स्वतःबद्दल आणि जगाबद्दल जे पक्कं बसून गेलेलं असतं ("माझ्याच वागण्यात काहीतरी असेल"), ते एकेक करून तपासतात. दुसऱ्यात ती आठवण सुरक्षित जागी बसून हळूहळू बोलायची, मग तिची धार कमी होते. डॉक्टरकडे वेळ घेताना आधीच विचारा, "आघातावरचे उपचार तुम्ही स्वतः करता का?" आणि "बाई डॉक्टर मिळतील का?" दोन्ही विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नाही म्हणाले तर दुसरीकडे. गरज पडली तर परभणीहून संभाजीनगरला जा, पण नुसत्या झोपेच्या गोळीवर घरी परत येऊ नका.

दवाखान्यात बोलता आलं नाही तर? मी अशा बायांना चिठ्ठी न्यायला सांगते. वहीच्या पानावर तीन ओळी पुरतात. "मी लष्करी सेवेत होते. नोकरीत माझ्यावर लैंगिक अत्याचार झाला. आता वास आला की हात थरथरतात आणि मध्येच वेळ हरवतो." डॉक्टरच्या टेबलावर ठेवायची आणि गप्प बसायचं. याहून जास्त पहिल्या दिवशी सांगावं लागत नाही. तुमचं नाव, तुमची गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही, हे मी वर लिहिलेल्याच कायद्यात आहे. तक्रार करायची की नाही तो वेगळा प्रश्न. तो तुमचा, आणि त्याचं उत्तर आज द्यायचं नाही.

थरथर सुरू झाली की उभं राहून पाय जमिनीवर घट्ट दाबा, माठातलं गार पाणी मनगटावर घ्या आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्या. तुळस, सायकल, दोरी, बादली, चप्पल. शरीराला सांगायचं की हे परभणीचं अंगण आहे. आणि यातून कधी जगणंच नकोसं झालं, तर वरच्या ताईंना सांगितलेलं सगळं तुम्हालाही लागू आहे. १४४१६ हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा. कशाचा म्हणून कुणी विचारलं तर सांगावं लागत नाही.

मुलीला अडवू नका. २०२२ मध्ये एनडीएत मुलींची पहिली तुकडी गेली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या सतरा जणी पास होऊन बाहेर पडल्या. ते मी टीव्हीवर पाहिलं आणि उभी राहून पाहिलं. तुमच्या मुलीनं तिथे जावं. पण तिच्या हाती एक गोष्ट देऊन पाठवा. तुमची सगळी कहाणी सांगायची गरज नाही, तुम्ही बऱ्या झाल्यावर वाटलं तर सांगाल. आत्ता एवढंच म्हणा, "कुणीही, कितीही मोठा असला तरी, तुझ्या अंगाला हात लावला तर पहिला फोन मला. मी विश्वास ठेवीन आणि मी येईन." हे वाक्य तुम्हाला तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं.

तिसरं पत्र: मी नांदेडचा निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक. मुलगी शिकायला अमेरिकेत गेली, तिथल्या सैन्यात मेडिक म्हणून सहा वर्षं होती, नागरिकत्व मिळालं. आता सैन्य सोडलंय, टेक्सासमध्ये एकटी राहते. फोनवर म्हणते, पप्पा, काही नाही. परवा म्हणाली, "माझ्यामुळं सगळ्यांना त्रासच आहे." घरात बंदूक आहे असं मागे बोलली होती. मी इथे बसून काय करू?

गुरुजी, तुम्ही तो एक शब्द ओळखला, "त्रास". आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं जो म्हणतो, त्याला सरळ विचारायचंच. बापानं लेकीला हे विचारायला जीभ रेटत नाही, मला ठाऊक आहे. तरी विचारा, मराठीत विचारा. तिथले डॉक्टर चांगले असतील, पण ती लहानपणी रडली ती मराठीत.

तिथली व्यवस्था तुमच्या कामाची आहे. अमेरिकेत ९८८ लावून १ दाबलं की फक्त माजी सैनिकांसाठीची संकटकालीन सेवा मिळते, रात्रंदिवस. ८३८२५५ वर मेसेजही करता येतो, म्हणजे बोलवत नसेल तरी चालतं. भारतातून ९८८ लागत नाही, पण त्यांच्या संकेतस्थळावर चॅट आहे. जानेवारी २०२३ पासून तिथे असा नियम आहे की संकटात असलेला पात्र माजी सैनिक सरकारी किंवा खाजगी, कुठल्याही दवाखान्याच्या इमर्जन्सीत गेला तर उपचार मोफत. तीस दिवसांपर्यंत दाखल राहून आणि नव्वद दिवसांपर्यंत येऊन-जाऊन. तिनं आधी त्यांच्या दवाखान्यात नाव नोंदवलेलं नसलं तरी. बिलाच्या धास्तीनं ती टाळत असेल, तर हे तुम्हीच तिला सांगा. माजी सैनिकांच्या प्रत्येक मोठ्या सरकारी दवाखान्यात बायांसाठी वेगळी समन्वयक असते. "मला तिच्याशी बोलायचंय" एवढं म्हटलं की पुरतं.

बंदुकीबद्दल बोला, रागावून नको. "थोडे दिवस ती मैत्रिणीकडे ठेव" किंवा "कुलूप लाव, गोळ्या वेगळ्या ठेव." तिथलं माजी सैनिक खातं बंदुकीची कुलपं फुकट देतं. इथल्या फवारणीच्या डब्यासारखंच आहे ते.

आज दोन कामं करा. तिच्या गावातल्या एका मैत्रिणीचा किंवा शेजारणीचा नंबर घ्या आणि तिच्याशी एकदा बोलून ठेवा. आणि त्या शहराच्या पोलिसांचा दहा आकडी नंबर शोधून +१ लावून लिहून ठेवा. फोन उचलेनाशी झाली आणि तुमचा जीव खाली-वर झाला, तर तिथे लावा आणि वेलफेअर चेक मागा, म्हणजे घरी जाऊन ती ठीक आहे का ते बघून या म्हणा. ती माजी सैनिक आहे, संकटात आहे, घरात बंदूक आहे, हे तिन्ही सांगा, म्हणजे येणाऱ्यांना ते आधीच माहीत असेल.

आणि रोज फोन. उन्हाळ्यात तुमच्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेआठ झालेले असतात, हिवाळ्यात साडेसात. तुमचा पहिला चहा आणि तिची एकटीची रात्र सुरू होण्याची वेळ एकच. त्या वेळी लावा. कशी आहेस विचारू नका, "काही नाही" येईल. गोदावरीला पाणी किती आलंय ते सांगा, शाळेसमोरचा पिंपळ सांगा, आणि मग विचारा, आज तू काय जेवलीस.